मदत हवी आहे: बहिणीचा एनपीटेलचा पायथॉन कोर्स अर्ध्यावर अडकलाय

नमस्कार मंडळी,

धाकटी बहीण तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं आपणहून एनपीटेलवर (आयआयटीसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्स जिथं मिळतात ती साइट) 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथॉन' हा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा १२ आठवड्यांचा कोर्स घेतला. व्हिडिओ, असाइनमेंट सगळं फुकट, फक्त परीक्षेचे १००० रुपये. ते मी भरलेत.

चार आठवडे रोज जेवणं उरकली की बसायची. पाचवी असाइनमेंट राहिली, सहावीत फार कमी मार्क पडले. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "दादा, इंग्रजी कळतं रे, पण ते पुढं जातात तेव्हा मी मागच्याच वाक्यावर असते." वीस मिनिटांच्या व्हिडिओला तास जातो. त्यात लॅपटॉप नाही. मोबाईलवर व्हिडिओ थांबवायचा, कोड लिहायचा, परत व्हिडिओ शोधायचा. कॉलेजची लॅब चारला बंद.

मी आयटीआय फिटर, कोडमधलं काही कळत नाही, याचं फार वाईट वाटतं. घरचे म्हणतात, फुकटचं आहे, सोडलं तर काय बिघडलं? मला नाही पटत. आयआयटीतलं शिकवणं आमच्या घरात पहिल्यांदा आलंय, ते असं सुटू नये.

प्रमाणपत्र आता हातचं गेलं का? आणि इंग्रजीचा अडसर कसा काढायचा? जाणकारांनी कृपया सांगा.

---

प्रतिसाद:

दादा, प्रमाणपत्र अजिबात गेलेलं नाही. १२ पैकी सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटच धरतात. त्यांना २५ गुण, परीक्षेला ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. तिचे पहिले चार आठवडे चांगले गेलेत, म्हणजे आणखी चार नीट झाले तरी पुरे.

व्हिडिओचा वेग ०.७५ करा आणि आधी त्याचा लिखित मजकूर वाचायला सांगा. मी स्वतः असंच तगलो. घरात दुसरा फोन असेल तर एकावर व्हिडिओ, दुसऱ्यावर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब (पायथॉन कोड लिहून तिथंच चालवायची साइट) उघडून कोड. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन कॉम्प्युटरवर द्यायची असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी लॅबमध्ये बसू दे. अडलेलं कोर्सच्या चर्चामंचावर बिनधास्त विचारू दे, इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. मराठीतून प्रोग्रामिंगची ओळख हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या साइटवर सी आणि सी++ या प्रोग्रामिंग भाषांचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत. भाषा वेगळी, पण लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) म्हणजे काय ते एकदा मराठीत कळलं की पायथॉनमध्येही ओळखीचं वाटतं.

---

धागाकर्ता:

खूप आभार. आठांचा हिशोब तिला वाचून दाखवला, तशी लगेच वही घेऊन बसली. बाबांचा फोन रात्री नऊनंतर मिळणार आहे. तो लिखित मजकूर नेमका कुठं असतो, तेवढं सांगाल का?