सोया वड्या आणि कोलेस्टेरॉल: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-१०४: "रोज सोया खा, कोलेस्टेरॉलची गोळी सोडा" असा मेसेज फिरतोय. तथ्य किती?

बी-३०२ (आहारतज्ज्ञ): काका, पहिलं अर्धं वाक्य ठीक, दुसरं धोक्याचं. १९९५ मध्ये ३८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. दिवसाला सरासरी ४७ ग्रॅम सोया प्रथिनं घेतल्यावर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जवळपास १३ टक्के उतरलं होतं. त्या जोरावर १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्था) 'रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनांनी हृदयरोगाचा धोका कमी होऊ शकतो' असा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. नंतरच्या चाचण्यांत मात्र घट ३-४ टक्क्यांवरच आली, आणि २०१७ मध्ये एफडीएनेच तो दावा मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

सी-५०१ (डॉक्टर): म्हणजे एलडीएल १५० असेल तर १४५ च्या आसपास. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने, ३० ते ५० टक्के उतरतं. गोळी परस्पर बंद करू नका.

ए-६०२: मग आयसोफ्लेव्होनच्या (सोयाबीनमधलं नैसर्गिक द्रव्य) कॅप्सूल? जाहिरातीत "हृदयासाठी" लिहिलेलं असतं.

बी-३०२: ताई, एलडीएलसाठी ते पैसे वाया. अल्कोहोलने धुतलेल्या सोया प्रोटीनमधून आयसोफ्लेव्होन बरेचसे निघून जातात, तरी एलडीएल थोडं उतरतंच. उलट नुसत्या कॅप्सूलने ठोस फरक दिसलेला नाही. खरा फायदा ताटातून काय बाहेर जातं त्यात आहे. मटणाच्या किंवा पनीरच्या जागी वड्या आल्या की एलडीएल वाढवणारी संपृक्त चरबी घटते. जेवण तेच ठेवून वर वड्या खाल्ल्या, तर वाढतात त्या कॅलरीज.

ए-१०४: २५ ग्रॅम म्हणजे किती वड्या?

बी-३०२: कोरड्या ५० ग्रॅम. तेल काढून घेतलेल्या पिठाच्या असतात, म्हणून त्यांत चरबी नगण्य. उकळत्या पाण्यात ५-७ मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, दोनदा धुवा, पुन्हा पिळा. पिळायचा कंटाळा केला की उग्र वास राहतो आणि मसाला आत शिरत नाही. तळू मात्र नका. वडी जाळीदार असते, तेल पिते. सोया चिलीत नेमकं हेच होतं, वर सोया सॉसचं मीठ. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे रक्तदाबवाल्यांची पंचाईत.

डी-२०३: आम्ही ९ किलो गव्हात १ किलो सोयाबीन दळतो. चालेल ना?

बी-३०२: कच्चं दळू नका, वहिनी. त्यातल्या ट्रिप्सिन-रोधकामुळे (पचनाच्या एन्झाइमला अडवणारा घटक) प्रथिनं नीट पचत नाहीत, पोट फुगतं. उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं शिजवा, कडक उन्हात खडखडीत वाळवा, मग गिरणीत द्या. या पिठात तेल असतं, लवकर खवट होतं. पंधरवड्यापुरतंच दळा. हिशोब मात्र लक्षात असू द्या. १०० ग्रॅम पिठात सोयाची प्रथिनं ४ ग्रॅमच येतात. पोळी पौष्टिक होईल, एलडीएल हलेल असं नाही.

सी-५०१: थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी सोया गोळीपासून ४ तासांच्या अंतराने खावं, नाहीतर गोळीचं शोषण कमी होतं. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेणाऱ्यांनी सोया एकदम वाढवू किंवा बंद करू नये, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) बदलू शकतो. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ए-६०२: आणि सोयाबीन तेल?

बी-३०२: त्यात प्रथिनं नसतात, ताई. तूप-डालड्याच्या जागी वापरलं तर एलडीएलला मदत होते. माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास ठेवा, आणि तळणीचं उरलेलं पुन्हा कढईत नको.