ट्रान्स मुलीची प्रेमकथा लिहितेय, 'आलो' की 'आले' इथेच अडलेय

कागदफूल:
कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहायला घेतलीये. नायिका 16 वर्षांची ट्रान्स मुलगी, म्हणजे जन्मापासून सगळे जिला मुलगा समजतात अशी, घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि गोष्ट तीच सांगतेय. पहिल्याच पानावर अडले. ती 'मी आलो' म्हणेल की 'मी आले'? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, आपल्याकडे मात्र तोंड उघडलं की मुलगा की मुलगी ते सांगूनच टाकावं लागतं.

दुसरं म्हणजे एका मैत्रिणीने कच्चा खर्डा वाचला, ती म्हणते शेवटी हिला आवडणाऱ्या मुलाने हिला स्वीकारलं की गोष्ट पूर्ण होते. मला हे खटकतंय पण नेमकं का ते सांगता येत नाहीये. तो नाही म्हणाला असता तर ही काय खोटी ठरली असती का? ज्यांनी अशी पुस्तकं वाचलीत किंवा जे स्वतः यातून गेलेत त्यांनी प्लीज सांगा.

पानोपानी:
बरोबरच खटकतंय. 2004 चं 'लूना' घ्या, अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होतं ते, लूना ही त्यातली ट्रान्स मुलगी, पण गोष्ट सांगते तिची बहीण, म्हणजे लूना आपल्याला सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसते. 2016 मधे मेरेडिथ रुसोचं 'इफ आय वॉज युवर गर्ल' आलं, लेखिका स्वतः ट्रान्स आणि नायिका अमँडा स्वतःच बोलते, तिथे मग आवडत्या मुलाला सांगायचं की नाही ही धास्ती तिच्या आतून कळते. पुस्तकाच्या शेवटी लेखिकेने वाचकांना लिहिलंय की अमँडाची वाट तिने मुद्दाम सोपी ठेवली, ते जरूर वाचा. आणि 2020 च्या 'सेमेटरी बॉइज' मधला यादरिएल हा ट्रान्स मुलगा तर प्रेमाबिमाच्या आधीच, त्यांच्या घराण्यात मुलांनी करायचा जादूचा विधी, घरचे करू देत नाहीत म्हणून चोरून, पार पाडतो आणि तो यशस्वी होतो. घरच्यांना पटवायचं राहतंच, पण तो कोण आहे हे ठरवायला पुढे येणाऱ्या ज्युलियनची गरज उरत नाही. त्यामुळेच त्यांचं प्रेम इतकं मोकळं वाटतं.

उंबरठा_27:
मी ट्रान्स बाई आहे, क्रियापदाचं मी सांगते. शाळेत असताना मी आलो-गेलो टाळायला शिकले होते, कोणी शिकवलं नव्हतं. 'उशिरा आलो' ऐवजी 'उशीर झाला', 'जेवलो' ऐवजी 'जेवण झालं'. 'मी पुस्तक वाचलं' चालतं, तिथे क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलतं. भविष्यकाळ तर हक्काचा, मी जाईन, मी करेन, त्यात काही कळतच नाही. घरचे चिडायचे, जाईन जाईन काय, गेलास का ते सांग! मग गप्प बसायचं.

तुमची नायिका लोकांसमोर अशी बोलू दे आणि मनात 'आले' म्हणू दे. समजावून सांगू नका, वाचणाऱ्या पोरांना आपोआप लक्षात येईल, आणि ज्याला लागू आहे त्याला तर पहिल्याच पानावर.

एक विनंती, तिचं जुनं नाव पुस्तकात एकदाही छापू नका. आणि आरशासमोर उभं राहून रडायचा सीन नको, खरंच नको.

मधलीसुट्टी:
पण प्रेमाला इतकंही बाजूला सारू नका ना. त्या मुलाने सहज, काही न ठरवता 'कधी आलीस?' विचारलं तर त्या वयात तो एक शब्द घेऊन माणूस आठवडाभर फिरतं. मला तरी तेच वाचायचंय. सगळं स्वतःचं स्वतः करायचं, कोणाची गरज नाही, हे 16 व्या वर्षी फार एकटं पाडणारं आहे.

उंबरठा_27:
@मधलीसुट्टी हो, पटतंय. मला एका मैत्रिणीने पहिल्यांदा 'आलीस' म्हटलं तो जिना अजून आठवतो. पण त्याच्या कितीतरी आधी मी बाथरूममधे नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, 'मी आले, मी आले' असं स्वतःशी म्हणून बघितलेलं होतं. म्हणून तिच्या तोंडून ऐकल्यावर ते माझंच वाटलं, तिने दिलेलं नाही. तेवढा क्रम सांभाळा.

कागदफूल:
हे वाचून थोडा वेळ काही टाइपच करता आलं नाही. नळाचा प्रसंग वापरू का, तुमची परवानगी असेल तरच. स्वीकाराचा शेवट काढून टाकतेय, मुलगा 'आलीस' म्हणेल पण मधेच कुठेतरी, आणि त्याच्यानंतरही गोष्ट चालू राहील. आईचं काय करू? ती शेवटपर्यंत 'आलास'च म्हणत राहते, शेवटच्या पानावर तिला सुधारलं तर खोटं वाटेल असं वाटतंय.

उंबरठा_27:
वापरा खुशाल. आईला घाईने बदलू नका. माझी आई बरीच वर्षं दोन्ही टाळायची, दार उघडताना म्हणायची, आलं का माझं लेकरू.