डिसेंबरातली मुंबई : गिरगाव आणि माहीमही

डिसेंबरात मुंबईत काय बघावं, या प्रश्नावर बहुतेकांनी वांद्र्याचा हिल रोड आणि मॉलमधली रोषणाई सुचवली आहे. त्यात दोन ठिकाणांची भर घालतो.

पहिलं गिरगावातली खोताची वाडी. चर्नी रोडला उतरून चालत जाता येतं. जुनी लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने आणि नाताळात दारोदारी लटकणारे कागदी कंदील. इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची बोली मराठीच आहे. ओळखीचं घर असेल तर कुलकुल हा नाताळचा गोड पदार्थ करताना जरूर बघा. मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून अलगद गुंडाळायची की शिंपल्यासारख्या रेघा उमटतात, मग तळून साखरेच्या पाकात घोळवायची. मुलांना हे काम फार आवडतं. फक्त एक विनंती, लोक तिथे राहतात. विचारल्याशिवाय ओट्यावर चढून फोटो काढू नका.

दुसरं म्हणजे माहीमला सूफी संत मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याची जत्रा. डिसेंबरात दहा दिवस भरते. पहिला संदल, म्हणजे दर्ग्याला चंदन वाहण्याची मिरवणूक, मुंबई पोलिसांचा असतो, तो बँडसकट मिरवत येतो, आणि तो बघायलाच हवा. आकाशपाळणे आहेतच, पण मला विचाराल तर खरी मजा भल्याथोरल्या पराठ्याचे तुकडे हलव्याबरोबर खाण्यात आहे. गाडी नेऊ नका, लोकलने माहीमला उतरा.