गाडीची बॅटरी घरीच बदलणाऱ्यांनो, अनुभव सांगा

धुऱ्यावरचा
काल पहाटे ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टकटक करत होता, अन् हरभऱ्याची पेरणी तोंडावर. नवी बॅटरी आणली, अंगणातच बसवली. पाना हातात घेतला अन् बाबा आठवले. आमची जुनी जीप गोठ्यापुढं उभी असायची. बाबा मला टॉर्च धरायला बसवत आणि आधी विचारत, "काळी तार कोणती?" मी बोट दाखवल्याशिवाय पान्याला हात लावत नसत. काळी म्हणजे मायनस, ती गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. ती आधी सुटली की प्लस खोलताना पाना लोखंडाला टेकला तरी ठिणगी पडत नाही. बसवताना आधी प्लस, मग मायनस. काल मुलीला टॉर्च दिली अन् तोंडातून तोच प्रश्न निघाला. तुम्हाला कोणी शिकवलं? लिहा.

पांढरं सोनं
आमच्या जावईबापूनं प्लसच आधी खोलली न बापा. पाना चेसिसले टेकला, असा जाळ निघाला का पान्याचं टोकच वितळलं. हात वाचला हेच लय झालं. कडं, अंगठी काढल्याबिगर बॅटरीजवळ जाऊच नका राजेहो.

चांदा ते बांदा
चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. लोकं म्हनते थंडीत बॅटरी मरते. मरते उन्हाळ्यातच, थंडीत फक्त उघडं पडते. पानी उडून प्लेटा कोरड्या होते. मी मार्च लागला का झाकनं खोलून पाहत रायतो. डिस्टिल वॉटरच टाका, बोअरचं नाई.

दर्यापूरवाली
बोअरचं?? आम्ही खारपाणपट्ट्यातले. आमच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बॅटरीचं काय होईल!
भाजी चुलीवर आहे, पटकन लिहिते. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवा, जुन्या ब्रशनं घासा. फसफसतं, घाबरू नका. झाकणं घट्ट ठेवा, सोडा आत जायला नको. कोरडं पुसून, तार कसून वरून व्हॅसलीन. आणि जुने कपडे घाला. यांच्या लुंगीची अ‍ॅसिडनं चाळणी झाली आहे.

पांढरं सोनं
वहिनी, लुंगीचा फोटो टाका 😄

दर्यापूरवाली
तिची पायपुसणी झाली भाऊ 😄

मास्तरीणबाई
स्कूटीची मीच बदलते. जुनी बॅटरी दुकानात घेऊनच जा, तिचे पैसे नवीच्या किमतीतून वळते होतात. शिवाय प्लस डावीकडं की उजवीकडं ते जुळवून पाहता येतं, उलट निघाली तर तार पोचत नाही. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथंच मागा.
धुऱ्यावरचे भाऊ, मुलगी कितवीत आहे?

धुऱ्यावरचा
सातवीत आहे ताई. सायकलची चेन स्वतःच चढवते, कोणाला हात लावू देत नाही.

मास्तरीणबाई
शाब्बास! तिला माझा आशीर्वाद सांगा.

संत्राबाग
आमच्या मामाजीले समजवा कोनी. बॅटरी चार्जिंगले लावली का तिथंच बिडी पेटवते. हायड्रोजन निघते त्यातून, भडका उडू शकते. मी तर बिडी हातातून घेऊन विझवतो, मंग राग येवो का काही होवो. खोलीचं दार उघडं ठेवा.

चांदा ते बांदा
मामाजीले वावरात पाठवा चार्जिंग होईस्तोवर.

वर्धेचा
बॅटरी आणायच्या आधी व्होल्ट मोजायचं मीटर लावून पाहा. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू केली की १४ च्या जवळ. गाडी चालू असूनही आकडा वर सरकत नसेल तर आधी अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) अन् त्याचा पट्टा पाहा. नाहीतर नवी बॅटरीही उतरते अन् पैसे वाया.

पांढरं सोनं
हरभरा कोनता पेरून रायले भाऊ?

धुऱ्यावरचा
जाकी ९२१८. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगापासून वाचवणारी बुरशी) लावून.

संत्राबाग
वर्धेचे भाऊ, मीटर कुठं भेटन?

वर्धेचा
इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात. साधा घ्या, चालतो.

पांढरं सोनं
मी सोमवारी अमरावतीले चाललो. आनू का तुमच्यासाठी?

संत्राबाग
आन भाऊ. येताना संत्री घेऊन जा.