पाठदुखी आणि वाईट विचार: म्हणजे दुखणं मीच वाढवतेय का?

रातराणी

नमस्कार मंडळी, वय ४१, कंबरेत दुखायला लागून दोन वर्षं झाली. सुरुवात साध्या उसण भरण्यापासून झाली, वाटलं चार दिवसांत जाईल, ती गेलीच नाही. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला (कंबरेतले खालचे मणके) डिस्क बल्ज आला, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, नस दबलेली नाही असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या, शेक, पट्टा सगळं करून झालंय.

मागच्या आठवड्यात एका पेन क्लिनिकमध्ये गेले तर आधी १३ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, दुखताना मनात काय काय येतं याबद्दलचा, त्यात मला ५२ पैकी ३८ आले. मग रबरी टोकाचं एक यंत्र आधी कंबरेवर आणि नंतर अंगठ्याच्या नखावर हळूहळू दाबत गेले, दुखायला लागलं की सांगा म्हणाले. कंबरेवर लगेच दुखलं ते समजू शकते पण नखावरसुद्धा मी पटकन थांबा म्हटलं. शेवटी सांगितलं की तुमचे नकारात्मक विचार जास्त आहेत आणि तुमची पेन सेन्सिटिव्हिटी पण जास्त आहे, दोन्हीचा संबंध असतो. एवढं बोलून पुढचा पेशंट.

घरी येऊन रडले हो. रोज सकाळी बेसिनवर तोंड धुवायला वाकायचं म्हटलं तरी मी एक हात कठड्यावर घट्ट ठेवते, श्वास रोखून धरते आणि मनात एकच, आता चमक येणार, आता येणार. आणि ती येतेच. मग हे मी मनानेच तयार करतेय का? कोणाला नीट माहीत असेल तर प्लीज सांगा.

फिजिओ_१२

ताई, पहिलं हे की तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते आणि तुम्हाला जे सांगितलं ते चूक नसलं तरी फार अर्धवट सांगितलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो फॉर्म म्हणजे पेन कॅटास्ट्रोफायझिंग स्केल, कॅनडातल्या मायकल सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये केलेला. ३० च्या वर स्कोअर गेला की जास्त धरतात. पण नुसत्या एकूण आकड्याला फारसा अर्थ नाही, त्यात तीन गोष्टी मोजलेल्या असतात: दुखणं मनात घोळवत राहणं, राईचा पर्वत होणं, आणि आता माझ्या हातात काहीच नाही ही हतबलता. तुमचा जास्त स्कोअर कशात आहे ते क्लिनिकला फोन करून विचारा, कारण पुढची ट्रीटमेंट त्यावर बदलते.

आता नखाचं. नखाला काही झालेलं नाही ना? मग तिथे कमी दाबात दुखलं याचा अर्थ भानगड फक्त कंबरेतल्या गादीत नाही, सगळ्या मज्जासंस्थेचाच आवाज वाढलाय. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या वेदनेवरच्या संशोधकांनी मांडलं की वेदनेचा सिग्नल मज्जारज्जूतून जसाच्या तसा वर जात नाही, तिथे एक गेट असतं आणि ते उघडं किती ठेवायचं यात मेंदूचाही हात असतो. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त तापट होऊ शकतात. मेंदूच्या तळाकडून खाली एक ब्रेक येत असतो, शरीरातलीच अफूसारखी रसायनं वापरून तो सिग्नल दाबतो. भीती, सतत लक्ष तिकडेच असणं, झोप मोडणं यांनी हा ब्रेक ढिला पडतो. तुम्ही बेसिनवर श्वास रोखता तेव्हा पाठीचे स्नायू आधीच आवळलेले असतात आणि मेंदू धोक्याची वाट बघत बसलेला असतो, मग एरवी जे नुसतं ओढल्यासारखं वाटलं असतं ते चमक म्हणून जाणवतं. यात तुम्ही मुद्दाम काहीच करत नाही.

आणखी एक टेस्ट असते, टोकदार काडीने एकाच जागी सेकंदाला एकदा असं दहा वेळा टोचतात, टोचण्याचा जोर तेवढाच पण दहावं टोचणं पहिल्यापेक्षा जास्त दुखतं. असं थोडं सगळ्यांनाच होतं, पण जुनी पाठदुखी असलेल्या बऱ्याच जणांमध्ये ही वाढ जास्त दिसते आणि ज्यांच्या मनात टेस्ट चालू असतानाच "बाप रे, हे सहन नाही होणार" असं चालू असतं त्यांच्यात विशेष. घरी बसून भरलेल्या फॉर्मपेक्षा त्या क्षणी मनात काय चाललंय याचा संबंध जास्त जवळचा निघतो.

पण हा संबंध मध्यमच आहे, प्रत्येकात दिसत नाही आणि गाडी उलट्या दिशेनेही जाते. दोन वर्षं दुखत असलेल्या माणसाच्या मनात वाईट विचार येणार नाहीत तर काय येणार?

बल्जबद्दलही सांगते. २०१५ मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा मोठा आढावा आला होता, त्यात चाळिशीतल्या साधारण ५० टक्के लोकांना बल्ज होता. म्हणजे ते चित्र बघून माझा मणका गेला असं समजायचं काहीच कारण नाही.

धुकं

मला हे वाचून राग येतोय, स्पष्टच लिहितो. माझ्या बायकोला तीन वर्षं असंच "मनाचं आहे, टेन्शन कमी करा" सांगत राहिले, एका ठिकाणी तर आमच्या तोंडावर फाइल मिटवली. शेवटी एका संधिवाताच्या डॉक्टरांनी पाचच मिनिटं नीट प्रश्न विचारले आणि तपासण्यांनंतर निघालं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात. तिची पाठ सकाळी तास तास आखडलेली असायची, पहाटे दुखण्याने जाग यायची, पडून राहिलं की जास्त आणि हिंडलं-फिरलं की बरं. हे ती प्रत्येक ठिकाणी सांगत होती, ऐकलं कोणी? तो फॉर्म तिने भरला असता तर तिलाही ३८ च आले असते, कारण कोणी विश्वास ठेवत नसेल तर माणूस हतबल होणारच की. त्यामुळे ताई, विचारांचं बघा पण आधी बाकी सगळं नीट तपासलंय का ते विचारा.

फिजिओ_१२

धुकं, तुमचा राग रास्त आहे. फॉर्ममध्ये स्कोअर जास्त आला म्हणजे शरीरात दुसरं काही नाही असं अजिबात होत नाही, आणि ज्यांनी तसं धरलं त्यांनी चूक केली.

रातराणी, म्हणून विचारते, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो? अर्ध्या तासाच्या वर राहत असेल, रात्री उत्तरार्धात दुखण्याने जाग येत असेल, आराम केल्यावर बरं वाटण्याऐवजी जास्त दुखत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवाच, कारण ४५ च्या आत सुरू झालेल्या पाठदुखीत हे बघावंच लागतं. आणि लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं. ताप किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तरी थांबू नका.

पायवाट

मी पाच वर्षं या पाठदुखीतून गेलोय, अजूनही अधूनमधून कळ येते पण आयुष्य परत माझ्या हातात आहे. सगळे म्हणायचे पॉझिटिव्ह विचार कर, आरशासमोर उभं राहून "मी ठणठणीत आहे" म्हणून पण बघितलं, दुखत असताना ते खोटं वाटायचं आणि उलट चिडचिड व्हायची, तर त्या वाटेला जाऊ नका.

मला उपयोग झाला तो एका वहीचा, सायकॉलॉजिस्टने सांगितलेली. ज्या हालचालीची भीती वाटते ती करण्याआधी लिहायचं, किती दुखेल, दहापैकी, आणि नेमकं काय होईल असं वाटतंय. मग ती हालचाल करायची आणि प्रत्यक्षात किती दुखलं ते लगेच शेजारी लिहायचं. माझी पहिली ओळ अजून पाठ आहे, "बुटाची लेस बांधणे, अंदाज ९, पाठ अडकेल आणि उठता येणार नाही", शेजारी "५, उठलो". कधी कधी अंदाजापेक्षा जास्त पण दुखलं, तेही लिहायचो, लपवायचं नाही. दोन महिन्यांनी पानं उलटून बघितली तर "अडकेल" हा शब्द ३१ वेळा लिहिलेला आणि अडकलो होतो एकदाही नाही, आणि त्यानंतर वाकताना श्वास रोखणं कधी बंद झालं ते कळलंच नाही. मधे एकदा बॅग उचलताना सणक भरली, आठवडाभर परत सगळे जुने विचार सुरू, तेव्हा वाटलं सगळं पाण्यात गेलं, पण यावेळी दहा दिवसांत निवळलं.

फिजिओ_१२

पायवाट यांनी सांगितलं ते अगदी योग्य आहे, फक्त शक्यतो कोणाच्या तरी देखरेखीखाली करा. भीतीवर काम केल्याने दुखणंच कमी होऊ शकतं याचा चांगला पुरावा आहे, २०२२ मध्ये अमेरिकेत १५१ जणांवर झालेल्या ट्रायलमध्ये अशी चार आठवड्यांची थेरपी घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं जवळपास गेलं, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांमध्ये १० टक्के. ते लोक फार गंभीर दुखणं असलेले नव्हते, त्यामुळे सगळ्यांना इतकाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही.

रातराणी

सगळ्यांचे मनापासून आभार, आज परत रडले पण वेगळ्या कारणाने. धुकं दादा, वहिनींना आता बरं वाटतंय ना? माझा ताठरपणा दहा मिनिटांत जातो, रात्री दुखण्याने जाग येत नाही, तरी पुढच्या वेळी विचारून घेणार. क्लिनिकला फोन केला, जास्त स्कोअर हतबलतेत आहे, २४ पैकी २०. खरंय ते.

आणि वही आजच केली. "बेसिनवर वाकणे, अंदाज ८, चमक येईल आणि खाली बसावं लागेल." प्रत्यक्षात ६. बसावं लागलं नाही. हात मात्र कठड्यावरच होता, तो सोडून करायचं की राहू दे?

पायवाट

राहू दे ना आठवडाभर. आणि वहीत तेही लिहा, हात धरून.