टेक्सन्सची सीझन तिकिटं ठेवायची की सोडायची? (मंडळाच्या मेलिंग लिस्टवरून)

प्रेषक: तिकीट समन्वयक, शुगर लँड
दिनांक: सोमवार, २० जानेवारी २००३
विषय: टेक्सन्सची सीझन तिकिटं

मंडळी, नमस्कार.

टेक्सन्सचा, म्हणजे आपल्या ह्यूस्टनच्या नव्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, पहिला सीझन आटोपला, हिशेब झाला. वरच्या मजल्यावरच्या आपल्या चार खुर्च्या पुढच्या वर्षी ठेवायच्या की सोडायच्या, ते आता कळवावं लागेल. ज्या घरांनी त्या वाटून घेतल्या होत्या त्यांनी आपापलं मत लिस्टवरच सांगा, म्हणजे मला घरोघरी फोन फिरवत बसायला नको. ९ फेब्रुवारीपासून दक्षिण आफ्रिकेत वर्ल्ड कप आहे आणि डिशच्या पॅकेजपायी बऱ्याच जणांनी हात आखडता घेतलाय, हे मलाही माहीत आहे.

विसरला असाल तर: १६ सामने, ४ विजय. डॅलस १९-१०, जॅक्सनव्हिल २१-१९, न्यूयॉर्क जायंट्स १६-१४, पिट्सबर्ग २४-६. यातले घरच्या मैदानावरचे फक्त पहिला आणि तिसरा. म्हणजे आपल्या खुर्च्यांच्या वाट्याला दोन विजय आले, आणि त्यातला डॅलसचा कोणाला मिळाला यावरून झालेली भांडणं मी विसरलेलो नाही.

---

प्रेषक: पूर्वीचा डॅलसकर, सध्या मुक्काम ह्यूस्टन
दिनांक: सोमवार, २० जानेवारी
विषय: Re: टेक्सन्सची सीझन तिकिटं

ते भांडण माझ्यामुळे झालं, कबूल. ८ सप्टेंबरच्या रात्री डॅलसचा निळा-पांढरा शर्ट घालून तुमच्यात बसलो होतो आणि घरी परतेपर्यंत गाडीत माझ्याशी कोणी धड बोललं नाही. गणपती दोन दिवसांवर आले होते, म्हणून मोदकांच्या याद्या तरी निघाल्या.

पण खरं सांगू? त्या सामन्यात मजा आली. पहिल्याच चढाईत तुमच्या क्वार्टरबॅकने (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), म्हणजे कारने, बिली मिलरला टचडाउनचा पास दिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आम्ही १०-१० अशी बरोबरी केली, तर चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने कोरी ब्रॅडफर्डला ६५ यार्डांचा पास दिला. शेवटी तुमच्या सेथ पेनने आमच्या क्वार्टरबॅकला आमच्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या आमच्या टोकाच्या पट्ट्यात) आडवा करून वर दोन गुण घेतले. नव्या टीमने पहिलाच सामना जिंकावा, हे १९६१ च्या मिनेसोटानंतर पहिल्यांदाच घडलं. तेही नेमकं आमच्याविरुद्ध.

असो. आमची डॅलस १९६० साली सुरू झाली तेव्हा वर्षभरात एकही सामना जिंकली नव्हती. ११ हरले, एक बरोबरीत सुटला. टँपा बे तर १९७६ मध्ये १४ पैकी १४ हरले आणि दोन सीझन मिळून ओळीने २६. तेच टँपा बे काल फिलाडेल्फियाला २७-१० हरवून सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) पोचले. तेव्हा चार विजयांवर रडू नका. खुर्च्या ठेवा.

---

प्रेषक: क्लिअर लेकचे काका
दिनांक: सोमवार, २० जानेवारी (रात्री)
विषय: Re: Re: टेक्सन्सची सीझन तिकिटं

> तेच टँपा बे काल ... सुपर बोलमध्ये पोचले

सत्तावीस सीझन लागले की हो त्यांना! मला गुडघ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचंय, तेवढा काळ मी काही थांबत नाही.

काल मला आनंद झाला तो निराळ्याच कारणाने. टायटन्स ओकलंडकडून ४१-२४ हरले आणि मी चहाबरोबर दोन बाकरवड्या जास्त खाल्ल्या.

तुमच्यातले बरेच जण १९९७ नंतर इथे आले, त्यांनी ऑइलर्स, म्हणजे ह्यूस्टनची जुनी टीम, पाहिलेलीच नाही. मी त्यांच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये अर्ल कॅम्पबेलला पळताना पाहिलंय. त्याला धरायला गेलेला माणूस उठून बसायला वेळ घ्यायचा. जानेवारी १९९३ मध्ये बफेलोला ३५-३ अशी आघाडी घेऊन आम्ही ४१-३८ हरलो, तेही गिळलं. पण मालक बड ॲडम्सला नवं स्टेडियम हवं होतं आणि शहर दाद देईना, तर तो टीमच उचलून टेनेसीला घेऊन गेला. विक्रम त्याच्याकडे, इतिहास त्याच्याकडे, आणि ऑइलर्स हे नाव तर लीगने कुलुपातच टाकलं. २९ डिसेंबरला तीच माणसं टायटन्स या नव्या नावाने आपल्या गावात आली आणि आपल्याला १३-३ हरवून गेली. हॉटेलांच्या खोल्या आणि भाड्याच्या गाड्या यांवर कर बसवून जे स्टेडियम उभं केलं, त्यातच. ॲडम्सला दिलं नाही, ते टेक्सन्सच्या मालकाला, मॅकनेरला दिलं.

मॅकनेर साहेबांबद्दल माझी तक्रार नाही. लॉस एंजेलिससारखं गाव तोंडाला पाणी सुटून बसलं असताना १९९९ मध्ये ७० कोटी डॉलर मोजून त्यांनी टीम इथे आणली. आणि त्याआधी आपली विजेची कंपनी एन्रॉनला विकून, एन्रॉन बुडायच्या आत पैसे पदरात पाडून घेतले. एन्रॉनबरोबर व्यवहार करून नफ्यात राहणं काय असतं ते आपल्या महाराष्ट्राच्या वीज मंडळाला विचारा!

माझा वाटा सोडतो. एकदा माया लावून पाहिली आहे.

---

प्रेषक: विद्यार्थी, यूएच (युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टन)
दिनांक: मंगळवार, २१ जानेवारी
विषय: Re: Re: Re: टेक्सन्सची सीझन तिकिटं

काका, टीमवर राग नको, निवडीवर राग काढा. अख्ख्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला नंबर आपला. घेतला कोण, तर डेव्हिड कार. ९ टचडाउन, १५ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास), आणि बॉल हातात धरून उभं राहायची हौस. दुसऱ्या नंबरवर कॅरोलायनाने ज्युलियस पेपर्स उचलला, १२ सॅक काढून (समोरच्या क्वार्टरबॅकला १२ वेळा पाडून) तो डिफेन्समधला सर्वोत्तम नवोदित ठरला. लीगमध्ये सगळ्यांत कमी गुण कोणाचे? आपले. २१३. मी वरच्या खुर्चीत बसून पंट (चढाई फसली की बॉल लाथेने उडवून समोरच्यांना देणं) मोजायचो, दुसरं काही मोजण्यासारखं नसायचंच. चॅड स्टॅन्लीने वर्षभरात ११४ पंट मारले. आपला सर्वांत दमलेला खेळाडू पंटर असावा, याला काय म्हणायचं?

तरी मी खुर्च्या ठेवण्याच्या बाजूने आहे. (पैसे बाबा देतात.)

---

प्रेषक: केटीच्या वहिनी
दिनांक: मंगळवार, २१ जानेवारी
विषय: कारला सोडा, लाइनकडे बघा

विषय बदलला आहे, कारण कारवर खापर फोडणं मला पटत नाही.

वर्षभरात त्याला ७६ वेळा पाडलं. सामन्याला जवळपास पाच वेळा. आधीचा विक्रम रँडल कनिंगहॅमच्या नावावर होता, १९८६ चा, ७२ चा. आता पुढच्या वेळी रेकॉर्डिंग बघाल तेव्हा बॉलकडे बघू नका. स्नॅप झाल्यावर (बॉल मागे देऊन खेळ सुरू झाला की) पहिले दोन सेकंद लाइनच्या, म्हणजे कारला वाचवायला त्याच्यापुढे उभ्या असलेल्या रांगेच्या, डाव्या टोकाकडे बघा. कार उजव्या हाताने फेकतो. फेकायला वळला की डावीकडून येणारा माणूस त्याच्या पाठीमागे असतो, त्याला दिसतच नाही. तिथे जो लेफ्ट टॅकल उभा असतो, तोच त्याचे डोळे. आमच्या घरी डिसेंबरपर्यंत असं झालं होतं की मी टॅकलचा पाय मागे सरकलेला बघून "गेला!" म्हणायचे आणि ह्यांना वाटायचं मी आधीच कुठेतरी निकाल ऐकलाय.

त्या जागेसाठी आपण कोणाला आणलं होतं? टोनी बोसेलीला. ही गोष्ट नीट समजून घेतली तर अख्खा सीझन समजतो. गेल्या फेब्रुवारीत ३१ टीम्सनी प्रत्येकी ५ नावं मोकळी केली, १५५ माणसांतून आपण १९ उचलली. हा एक्सपॅन्शन ड्राफ्ट म्हणजे जुना बाजार. तिथे कोणी चांगली वस्तू उगीच मांडत नाही; एकतर तिला तडा असतो, नाहीतर ती घरात ठेवणं परवडत नाही. पगाराला मर्यादा आहे आणि जॅक्सनव्हिलचं ते गणित पार बिघडलं होतं. आपण बोसेलीचा भलामोठा करार डोक्यावर घेतला, तेव्हा कुठे गॅरी वॉकर आणि सेथ पेन हाती लागले. जेट्सकडून एरन ग्लेन आणि मार्कस कोलमन, बाल्टिमोरकडून जेमी शार्पर, सगळे याच वाटेने आले. म्हणून आपला डिफेन्स पहिल्याच वर्षी उभा राहिला. ग्लेन आणि वॉकर प्रो बोलसाठी (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवडले गेले ते उगाच नाही. यात आपले जनरल मॅनेजर कॅसर्लींनी अक्कल वापरली, हे मान्य करायलाच हवं.

पण बोसेलीच्या खांद्यात तडा होता. तो एकाही सामन्यात उतरला नाही. त्यामुळे लाइनच्या डाव्या बाजूचा भार पडला दुसऱ्या फेरीत घेतलेल्या चेस्टर पिट्सवर. हा मुलगा शाळेत फुटबॉल खेळलेलाच नाही, ओबो वाजवायचा! कॉलेजात गेल्यावर खेळायला लागला. गुणी आहे, एकही सामना चुकवला नाही, पण त्याच्या अंगावर कोण धावून येत होतं ते बघा आणि मग बोला.

पेपर्सचं म्हणाल तर, पेपर्स घेतला असता तर बॉल कोणी फेकला असता? कारला घेणं बरोबरच होतं. त्याला त्या लाइनमागे पहिल्या दिवसापासून सोळाच्या सोळा सामने उभं करणं चूक होतं. टोनी बँक्स बाकावर बसून होता. तीन टीम्सचा क्वार्टरबॅक राहिलेला, मार खायला सरावलेला माणूस. अर्धा सीझन त्याला खेळवायचा, कारला हातात पाटी-पेन्सिल देऊन बाजूला उभा करायचा. चार सामने जिंकले, त्याऐवजी तीन जिंकलो असतो, काय बिघडलं असतं? कारचा मार अर्ध्यावर आला असता. इतकं पाडलं की चांगल्या पोराचीही पाय जागेवर नसताना घाईने बॉल सोडायची खोड पक्की होते, आणि लाइन सुधारली तरी ती खोड जात नाही. मला भीती आहे ती याची.

आता पिट्सबर्ग. ८ डिसेंबरला आमच्याकडे बरेच जण होते, सगळ्यांना आठवत असेल. आपल्या ऑफेन्सने संपूर्ण सामन्यात ४७ यार्ड काढले. त्यांनी ४२२. आणि जिंकलो आपण, २४-६! इतक्या कमी यार्डांत लीगमध्ये कोणी कधी जिंकलेलं नाही. केनी राइट सांडलेला बॉल घेऊन पळाला, ग्लेनने दोन पास चोरले आणि दोन्ही थेट शेवटपर्यंत नेले. दुसऱ्या वेळी आमच्याकडचे पुरुष पोहे संपले का ते बघायला स्वयंपाकघरात गेले होते, म्हणून तो टचडाउन त्या खोलीत फक्त बायकांनी पाहिला. हे अजून कबूल करत नाहीत.

आम्ही खुर्च्या ठेवतोय. पुढच्या वर्षी लाइनवर पैसे खर्च केले नाहीत तर मी पहिली ओरडेन, आणि वरच्या मजल्यावरून ओरडेन.

---

प्रेषक: विद्यार्थी, यूएच
दिनांक: बुधवार, २२ जानेवारी
विषय: Re: कारला सोडा, लाइनकडे बघा

वहिनी, मान्य. पण आपले कोच केपर्स यांनीच १९९५ मध्ये कॅरोलायना सुरू केली होती. पहिल्या वर्षी ७ विजय, दुसऱ्या वर्षी सुपर बोलच्या एक सामना अलीकडे. जॅक्सनव्हिल पहिल्या वर्षी अगदी आपल्यासारखेच ४-१२, आणि दुसऱ्या वर्षी तेही तिथवर. मग आपण का नाही?

पोहे मी संपवले होते.

---

प्रेषक: केटीच्या वहिनी
दिनांक: बुधवार, २२ जानेवारी
विषय: Re: Re: कारला सोडा, लाइनकडे बघा

कारण त्या दोघांनंतर क्लीव्हलंडही झालं. १९९९ मध्ये २-१४, आणि त्यांच्या क्वार्टरबॅकला, टिम काउचला, असंच झोडपून काढलं. प्लेऑफ दिसायला हा सीझन उजाडला. आपण जॅक्सनव्हिल व्हायचं की क्लीव्हलंड, ते एका माणसाच्या डाव्या खांद्यामागे कोण उभा आहे त्यावर ठरणार.

पोह्यांचा संशय होताच.

---

प्रेषक: लिस्ट संपादक
दिनांक: बुधवार, २२ जानेवारी
विषय: सूचना

चर्चा रंगली आहे, थांबवत नाही. फक्त शनिवारी २५ तारखेला तिळगुळाचा कार्यक्रम आणि हळदीकुंकू आहे, त्याची नोंदणी अजून निम्मीही झालेली नाही, आणि ह्या धाग्यावर मात्र रात्री अकराला उत्तरं येतात. रविवारी सकाळी झेंडावंदन आहे. सुपर बोल संध्याकाळी आहे, सबब चालणार नाही.

---

प्रेषक: क्लिअर लेकचे काका
दिनांक: गुरुवार, २३ जानेवारी
विषय: Re: टेक्सन्सची सीझन तिकिटं

वहिनींचं पत्र दोनदा वाचलं. काल रात्री टेप काढून डाव्या टोकाकडे बघत बसलो. पोराचे हाल आहेत खरे.

समन्वयक, माझा वाटा ठेवा. अट एकच. टायटन्स दर वर्षी एकदा इथे येणार, कारण दोघे आता एकाच गटात आहेत. तो सामना माझा. बाकीचे कोणालाही द्या.

---

प्रेषक: तिकीट समन्वयक, शुगर लँड
दिनांक: गुरुवार, २३ जानेवारी
विषय: Re: Re: टेक्सन्सची सीझन तिकिटं

काका, टायटन्सच्या सामन्यावर आधीच केटीकरांनी आणि यूएचच्या बाबांनी बोट ठेवलंय. चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठी हळदीकुंकवाला आलेल्या लहान मुलाकडून उचलू, म्हणजे कोणी माझ्यावर घसरायला नको. चेक शनिवारीच आणा, माझ्या नावाने. डॅलसकरांनी शर्ट घरी ठेवून यावं.