मदत हवी आहे: माग्रितच्या ‘एम्पायर ऑफ लाइट’चा अर्थ कसा लावायचा?

चित्रकलेतल्या जाणकारांनो, जरा मार्गदर्शन करा. बेल्जियन चित्रकार रने माग्रितने १९४९पासून हा विषय पुन्हा पुन्हा रंगवला. मी बघतेय ती ब्रुसेल्सच्या संग्रहालयातली १९५४ची आवृत्ती. वर भरदुपारचं निळं आकाश, पांढरे ढग. खाली मिट्ट काळोखातलं घर, एकच पेटलेला दिवा आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. माणूस औषधालाही नाही.

मला खटकतं ते आकाश. अंधाराचं काही वाटत नाही, पण त्या उजेडाने धस्स होतं! असं का? दिवा म्हणजे आशा, खिडक्या म्हणजे मन, असली ठोकळेबाज उत्तरं पटत नाहीत. माग्रितला स्वतःलाच प्रतीकं शोधणं आवडत नसे म्हणे. मग सुरुवात कुठून करू? रंगांपासून की रचनेपासून?